सल्लागार गेला आणि कारखाना पुन्हा जुन्या वळणावर: या चुका टाळा

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि पलीकडे गुजरातमधल्या उंबरगावात 2008 पासून एक प्रयोग झाला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी तिथल्या कापड कारखान्यांत फुकट सल्लागार पाठवले. काही ठिकाणी महिनाभर पाहणी करून फक्त दोष दाखवले. बाकीच्या ठिकाणी तेच सल्लागार आणखी चार महिने थांबले आणि सुधारणा करून घेतल्या. या दुसऱ्या गटाची उत्पादकता पहिल्याच वर्षी 17 टक्क्यांनी वाढली. सल्लागार नेमायचा विचार करणाऱ्या प्रत्येक लघुउद्योजकाला मी हा प्रयोग आधी सांगतो.

पहिली चूक यातच दिसते: अहवाल हातात आला की काम झालं असं समजणं. फी ठरवताना तिचा मोठा भाग अहवालासाठी देऊ नका. कारखान्याच्या शॉपवर, म्हणजे मशीनपाशी, उभं राहून बदल करून देण्यासाठी राखून ठेवा. केंद्र सरकारच्या लीन (म्हणजे नासाडी कमी करून उत्पादन) योजनेत सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सल्लागार खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलतं, तेही विचारून घ्या.

त्या कारखान्यांत शिकवलेल्या 38 पद्धतींत दिव्य असं काहीच नव्हतं. सुताला लेबल लावून नीट रचणं, यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल, कापडातले दोष रोज लिहून त्यावर रोज बैठक. दोष आधीही लिहिले जात, पण ती नोंद गिऱ्हाइकाची तक्रार आली तरच बघितली जायची. आणि मालक म्हणायचे, आसपासच्यांच्या मालापेक्षा आमचा माल काही वाईट नाही. हे वाक्य मला सगळ्यात महागडं वाटतं, कारण शेजारीही त्याच खड्ड्यात असतो. स्वतःची तपासणी सोपी आहे. गेल्या महिन्यात कोणत्या मशीनवर किती माल रिजेक्ट झाला आणि किती रीवर्कला गेला, हे आत्ता विचारा. अर्ध्या तासात आकडा मिळाला नाही, तर सल्लागाराला पहिलं काम तेच द्या. ‘धंदा वाढवून द्या’ असं मोघम काम कुणालाच देऊ नका.

कधी रोगच दुसरा असतो. ऑर्डरी भरपूर, मशीन तीन शिफ्ट चालू, तरी महिनाअखेर पगाराला पैसे नाहीत. अशा वेळी शॉपवर सुधारणा करत बसण्याआधी उधारी बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायचं, असं 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत उलटलेली रक्कम देईपर्यंत खरेदीदाराला ती प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मोठं गिऱ्हाईक दुखावेल म्हणून कुणी व्याज मागत नाही, हे मला माहीत आहे. पण माल देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी, करा, बिलावर तो क्रमांक छापा आणि मुदतीची तारीख ठळक लिहा. त्यानं कुणी दुखावत नाही.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित चूक. अभ्यासक 2017 मध्ये त्याच कारखान्यांत परत गेले, तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. मुख्य कारणं दोन: मॅनेजर नोकरी सोडून गेला, आणि मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही. आपल्याकडे सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आणि सगळ्या सह्या मालकाच्या हातात असतात. तारापूरच्या त्या कारखान्यांचा आकारही व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षा घरात किती पुरुष आहेत यावर जास्त ठरत होता, कारण बाहेरच्या माणसावर विश्वास टाकायला मालक तयार नव्हते. हा विश्वास एका दिवसात येत नाही. पण ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी स्टोअरच्या माणसाकडे सोपवून, आठवड्याला हिशेब तपासून सुरुवात करता येते.

तेव्हा रोजच्या बैठकीसाठी पहिल्या दिवसापासून दोन माणसं तयार करा, त्यातला एक सुपरवायझर असू द्या. फळ्यावरचे आकडे मराठीत, मशीनवरच्या कामगाराला वाचता येतील असे लिहा. आणि शेवटच्या महिन्यात बैठक सल्लागाराला घेऊ देऊ नका. सुपरवायझर घेईल, सल्लागार मागच्या खुर्चीवर बसून ऐकेल.