कोर्टाखालचं पाणी

माझी पहिली साइट म्हणजे पंचवटीतल्या एका लेआउटची ओपन स्पेस. बास्केटबॉल कोर्ट, खो-खोचं मैदान, चालायचा ट्रॅक आणि दिवे. ठेकेदार तीन, नकाशे चार, आणि मी नुकताच डिग्री घेऊन आलेला.

उन्हाळ्यात सगळं झकास दिसत होतं. जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसात कोर्टाचा एक कोपरा फुगला. भेग अशी, की पाच रुपयांचं नाणं उभं बसावं. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, हे कॉलेजात घोकलेलं होतं. म्हणून तर माती काढून मुरूम भरला होता. पण ट्रॅकवाल्याने त्याचं पाणी कोर्टाच्या कडेला सोडलं, आणि दिवेवाल्याने केबलसाठी तिथेच चर खणून तो काळ्या मातीनेच बुजवला. तिघांची मापं बरोबर, बिलंही बरोबर. चूक झाली ती तिघांच्या मधल्या पट्ट्यात, आणि तो पट्टा कोणाच्याच वर्क ऑर्डरमध्ये नव्हता. तो माझा होता, हे मला उशिरा कळलं.

आता मी आधी एक कागद करतो: कोणानंतर कोण. पाणी कुठे जाणार ते पहिलं, मग जमिनीखालचे पाइप, मग भराव; रंगाच्या रेषा सगळ्यात शेवटी. काँक्रीट पडण्याआधी पाइप बसलेत का ते स्वतः वाकून बघा, मुकादमाच्या 'हो साहेब'वर जाऊ नका. उतार १०० ला १ धरला तर १५ मीटर रुंदीत १५ सेंटीमीटर लेव्हल पडते. तिथे ट्रॅक उंच निघाला, तर कोर्टाचं तळं होतं.

कोर्ट २८ बाय १५ मीटर, पण भोवती २ मीटर मोकळं सोडून ३२ बाय १९ लागतं. कुंपण आखणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी उन्हात बास्केट दिसत नाही.

आणि काम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ तिथे नुसते जाऊन बसा. मी बसलो होतो, तेव्हा खो-खो शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "साहेब, पेव्हर नका टाकू हं. आमच्या मुली पोल डाइव्ह मारतात, खांब धरून जमिनीवर झेप घेतात." नकाशात २७ बाय १६ मीटरचा नुसता चौकोन होता, वर काय टाकायचं ते लिहिलेलंच नव्हतं, आणि ठेकेदार पेव्हरचा भाव काढून बसला होता. ते बदलायला एक कटिंग चहा पुरला. कोर्टाचा कोपरा फोडायला मात्र जमीन सुकेपर्यंत, म्हणजे थेट दिवाळीपर्यंत थांबावं लागलं.