टॉर्क रेंच: कोणता घ्यायचा आणि कसा धरायचा

टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या जोराइतकाच नट आवळायचा पाना; तो जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. घरच्या गाडीसाठी एकच टॉर्क रेंच घेणार असाल तर अर्धा इंची घ्या (गोटी, म्हणजे सॉकेट, बसते तो चौकोन अर्ध्या इंचाचा), साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. चाकाचे नट त्यात आरामात बसतात आणि घरी आपण सगळ्यात जास्त वेळा खोलतो ते चाकच. दुकानदार ३५०वाला पुढे करेल, ‘मोठा घ्या साहेब, सगळं होतं’ म्हणेल. होत नाही. क्लिकवाल्या (ठरवलेला जोर लागला की ‘कट्ट’ करणाऱ्या) रेंचचा भरवसा धरायचा तो त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वर. म्हणजे ३५०च्या रेंचला ७०च्या खाली विचारूच नका. लहान गाड्यांच्या चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन नट बहुधा ३५-४०च्या घरात असतो, स्पार्क प्लग तर त्याहून खाली: १४ मिलिमीटर आट्यांचा २५ ते ३०, १२चा १५ ते २०, तेही इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं धरून. ही कामं घरी करायची असतील तर दुसरा, तीन सुती (३/८ इंची), १० ते ५०चा लागेल. दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही.

प्रकार मुख्य तीन. सुईवाला स्वस्त, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. पण सुई अगदी समोरून वाचावी लागते आणि बॉनेटखाली मान घालून ते जमत नाही. क्लिकवाला सगळीकडे चालतो. डिजिटल मला आवडतो, पण तो खरा कामाला येतो जिथे अंशांचा हिशेब असतो, उदाहरणार्थ हेड बोल्टला ‘४० न्यूटन-मीटर, मग आणखी ९० अंश फिरवा’. असे बोल्ट ताणले जातात, बरेचसे एकदाच वापरायचे असतात. ते काम गॅरेजला द्या.

आकडा मॅन्युअलमधूनच घ्यायचा, शेजाऱ्याकडून नाही. माझ्या होंडा सिटीच्या चाकाला १०८. जुन्या मॅन्युअलात किलोग्रॅम-मीटर असतं, त्याला ९.८१ने गुणा. फूट-पाउंड असेल तर १.३६ने. इंच-पाउंड दिसलं तर थांबा आणि पुन्हा वाचा, तिथे बारापटीचा फरक आहे.

आता १०८ लावायचा कसा? बाजारात सर्रास मिळणाऱ्या २८ ते २१०वाल्या रेंचच्या दांड्यावर बऱ्याचदा १४-१४च्या पायऱ्या असतात: ८४, ९८, ११२. मूठ फिरवून तिची कड ९८च्या रेषेवर आणा, मुठीवरचा शून्य मधल्या उभ्या रेषेला जुळवा, मग मूठ १०पर्यंत पुढे फिरवा. ९८ आणि १० झाले १०८. नंतर खालचं लॉक आवळायला विसरू नका, नाहीतर काम करताना मूठ आपोआप सरकते.

नटांना आधी वायर ब्रश मारा. ऑइल, ग्रीस काही लावू नका. ‘गंजू नये म्हणून थोडंसं’ हा हट्ट मी फार बघितलाय. आपण लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच बोल्ट ताणायला जातो, बाकीचा घर्षणात खर्च होतो. मॅन्युअलचा आकडा कोरडे आटे धरून दिलेला असतो. ऑइल लागलं की घर्षण घटतं आणि त्याच १०८वर स्टड (नट बसतो तो बोल्ट) कितीतरी जास्त ताणला जातो. रेंच बिचारा कट्ट म्हणणारच, त्याला ऑइल दिसत नाही.

चाक जॅकवर असताना नट हाताने फिरवून बसवा, मग साध्या पान्याने जेमतेम टेकवा. गाडी खाली घ्या. रेंच लावून आधी ६०, मग १०८. प्रत्येक वेळी समोरासमोरचे नट, ओळीने नाही. मूठ बरोबर मध्ये धरा, दुसरा हात गोटीच्या डोक्यावर, आणि सावकाश ओढा. झटका दिला की क्लिक कळायच्या आत हात पुढे गेलेला असतो. एक क्लिक झाला की संपलं. खात्रीसाठी दोन-तीनदा क्लिक करणारे लोक नट जास्त आवळून ठेवतात. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की एकदा पुन्हा तपासा. टायरवाल्याने एअर गनने ठोकून दिलेलं चाक असेल तर नट सैल करून नव्याने आवळा. आधीच १५०ला बसलेला नट १०८चा क्लिक देतोच, त्यावरून काही कळत नाही.

लांब दांडा बघून मोह होतो, पण नट खोलायला हा रेंच वापरू नका. खोलायला वेगळा पाना ठेवा.

मी भोसरीत टूलरूमला होतो, तिथे हीच हत्यारं तपासायची कामं असायची. घरी अंदाज घ्यायचा तर पाण्याचा २० लिटरचा जार पुरतो. रेंचचा चौकोन व्हाइसमध्ये घट्ट धरा, दांडा आडवा. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, समजा ४० सेंटीमीटर. भरलेला जार काट्यावर २०.७ किलो भरला, तर २०.७ गुणिले ९.८१ गुणिले ०.४, म्हणजे ८१. रेंचच्या स्वतःच्या वजनाचे दोनेक न्यूटन-मीटर वर धरा. जार मुठीच्या मध्याला दोरीने लटकवून हळूच सोडा. ७५ला लावल्यावर क्लिक झाला पाहिजे, ९२ला होता कामा नये. हे कॅलिब्रेशन (प्रमाणित मापाशी ताडून बघणं) नव्हे, पण धडधडीत बिघडलेला रेंच यात सापडतो. खऱ्या कॅलिब्रेशनसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये द्या. कारखान्यात वर्षातून एकदा किंवा ५००० क्लिकनंतर देतात. घरच्या वापराला इतकं लागत नाही, पण रेंच फरशीवर आपटला तर मात्र द्या.

काम झालं की मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे स्प्रिंग दबलेली राहत नाही. त्याहून खाली मात्र फिरवू नका.