घरच्या माणसाची निधनवार्ता लिहिताना

निधनवार्ता लिहिण्याची वेळ येते तेव्हा घर माणसांनी भरलेले असते आणि लिहिणाऱ्याचेच मन थाऱ्यावर नसते. म्हणून हे काम जावई, पुतण्या किंवा भाची अशा जवळच्या, पण थोडे सावरलेल्या व्यक्तीने हाती घ्यावे आणि घरातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय मजकूर पुढे धाडू नये.

पूर्ण नावाबरोबर आण्णा, तात्या, आक्का असे ज्या नावाने गाव हाक मारत होते तेही द्यावे, कारण कित्येकांना कागदावरचे नाव ठाऊकच नसते. गावाचे नाव पूर्ण लिहावे. आपल्या सांगली जिल्ह्यात कवठेएकंद, कवठेपिरान आणि कवठेमहांकाळ अशी तीन गावे आहेत, त्यामुळे नुसते ‘कवठे’ वाचून निघालेला पाहुणा अंत्यदर्शनाला मुकू शकतो. वयही आधार कार्डावरून उतरवण्याआधी वडीलधाऱ्यांना विचारावे. शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावली, त्या पिढीचे खरे वय पुष्कळदा वेगळे असते.

‘कै.’ सगळ्यांना लागू पडत नाही. लिंगायत घरांत ‘लिंगैक्य’, तर मुस्लिम घरांत ‘पैगंबरवासी’ लिहिण्याची रीत आहे, आणि शंका असल्यास ‘निधन झाले’ हे शब्द कोणालाच खटकत नाहीत. आजाराचा तपशील घरच्यांना नको असेल तर तो देऊ नये. मागे राहिलेल्या पत्नीच्या नावाआधी ‘गं. भा.’ लावण्यापूर्वी त्यांना स्वतःला विचारावे, कारण शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केल्यानंतरही आपण ती उपाधी सवयीने लिहीत राहावे, हे मला योग्य वाटत नाही.

खरी मेहनत घ्यायची ती त्या माणसाबद्दलच्या एका वाक्यावर. ‘मनमिळाऊ, प्रेमळ व धार्मिक वृत्तीचे’ हे शब्द खोटे नसतात, पण त्यांतून नेमके कोण गेले ते कळत नाही. माझे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांवर असत आणि हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून माल किती वाळला आहे ते अचूक सांगत. मी बातमीत एवढेच लिहिले, आणि रक्षाविसर्जनाला आलेल्या अडत्यांपासून हमालांपर्यंत अनेकांनी त्याच वाक्याची आठवण काढली.

त्याच बातमीत माझ्या हातून एक चूकही झाली. ‘पश्चात’च्या ओळीत मी मुलांची नावे दिली आणि मुलींना ‘दोन विवाहित मुली’ एवढ्यावर आटोपले. शेवटची दोन वर्षे मामांचे सगळे धाकट्या मुलीनेच केले होते. ते कात्रण हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली आणि मला काहीच बोलली नाही. तेव्हापासून मी आधी घरातल्या सगळ्यांची नावे कागदावर उतरवून घेतो. जागा कमी असेल तर मुलगे व मुली दोघांचीही केवळ संख्या देतो, पण एकाचे नाव आणि दुसरीचा नुसता आकडा असे कधीच करत नाही.

शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ आणि ठिकाण लिहावे. तिथे ‘उद्या’ हा शब्द टाळून वार आणि तारीख दोन्ही द्यावेत, कारण आज दिलेला मजकूर लोक उद्या सकाळी वाचतात.