ऑस्टिओक्लास्ट घडताना ग्राहींची पातळी कशी मोजावी

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठात पेशीजीवशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने हाड झिजवणाऱ्या पेशींवरील, म्हणजे ऑस्टिओक्लास्टवरील ग्राही (रिसेप्टर) मोजण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की प्रत्येक ग्राहीची वेळ वेगळी असते आणि केवळ शेवटच्या दिवशी घेतलेला एकच नमुना फसवा ठरतो.

उंदराच्या मांडीच्या व नडगीच्या हाडांतील मज्जापेशी प्रथम दोन-तीन दिवस एम-सीएसएफ या वाढ-घटकात, साधारण ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात, वाढवाव्यात. हा घटक सी-एफएमएस या ग्राहीमार्फत पेशींना जगवतो आणि त्यांच्यावरील रँक हा ग्राही वाढवतो. ही पायरी गाळल्यास पुढे रँकल, म्हणजे रँकला जाऊन चिकटणारे प्रथिन, कितीही घातले तरी ते धरून ठेवायला पुरेसे रँक पेशीवर नसते. नंतर एम-सीएसएफ चालू ठेवूनच ५० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर रँकल द्यावे आणि तेथून ०, २४, ७२ व १२० तासांचे नमुने घ्यावेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कुरिअरने आलेल्या रँकलच्या खोक्यातील बर्फ शिल्लक आहे ना, हे आधी पाहावे.

रँककडून संदेश गेल्यावर सी-फॉस व एनएफएटीसी१ ही जनुके चालू करणारी प्रथिने जागी होतात, आणि एनएफएटीसी१ पुढे कॅल्सिटोनिन ग्राही व बीटा-३ इंटिग्रिन यांची जनुके चालू करतो. म्हणूनच कॅल्सिटोनिन ग्राही उशिरा दिसतो. २४ तासांना तो सापडला नाही म्हणून प्रायमरला, म्हणजे ते जनुक शोधणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, दोष देऊ नये.

क्यूपीसीआरवर, म्हणजे आरएनए मोजणाऱ्या चाचणीवर, मात्र थांबू नये. जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या रँकलमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील विष, राहिले असेल, तर टेस हे विकर सी-एफएमएसचा बाहेरचा भाग छाटून टाकते. आरएनए जागेवर आणि ग्राही गायब, असा घोळ त्यातून होतो. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका पेशीवरील ग्राही यंत्राने मोजण्याची चाचणी, करावी, परंतु प्लेटला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनऐवजी कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या ईडीटीएने सोडवाव्यात, कारण ट्रिप्सिन हे विकर पृष्ठभागावरील प्रथिनेच कापते. तयार झालेल्या बहुकेंद्रकी ऑस्टिओक्लास्ट पेशी मोठ्या व नाजूक असल्याने त्या यंत्रात टिकत नाहीत. त्या प्रतिपिंडाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहाव्यात.

प्रत्येक वेळेसाठी प्लेटमधील एक वेल (खळगा) ट्रॅप या ऑस्टिओक्लास्टमधील विकराच्या रंगासाठी राखावी आणि तीन किंवा अधिक केंद्रके असलेल्या रंगीत पेशी मोजाव्यात. पाचव्या दिवशीही त्या दिसत नसतील, तर त्या प्लेटचे ग्राहींचे आकडे वहीत नोंदवावेत, पण आलेखात घेऊ नयेत.