नाशिकहून न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचे खरे तास कसे काढावेत

मुलांकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेले आई-बाबा तिकीट बघून चक्रावतात. समजा, जुलैतलं तिकीट आहे: मुंबईहून रात्री १.३० ला सुटणार आणि त्याच तारखेला सकाळी ७ ला न्यूयॉर्कला पोचणार. मग साडेपाच तासांत अमेरिका? हा हिशेब घरीच नीट करून ठेवावा.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, तिथे चूक होते. नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या. विषुववृत्ताभोवती धागा गुंडाळून त्याची लांबी मोजा, ती म्हणजे ४०,००० किमी. आता मुंबई ते न्यूयॉर्क धागा ताणून धरा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर तो साधारण साडेएकोणतीस सेंटीमीटर भरेल, म्हणजे जवळपास १२,५०० किमी. धागा कुठून जातो तेही बघा: मुंबईहून उत्तरेकडे चढत थेट आइसलंडवरून, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी. गोलावरची सर्वांत जवळची वाट ती हीच. गंमत म्हणजे ग्रिनिचपासून आपलं नाशिक जितकं पूर्वेला, जवळपास तितकंच न्यूयॉर्कचं केनेडी विमानतळ पश्चिमेला आहे. दोन्हीकडे सुमारे ७३.८ अंश!

मोठं विमान तासाला साधारण ९०० किमी जातं. १२,५०० भागिले ९००, म्हणजे चौदा तास. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची रांग यांचा अर्धा-पाऊण तास वेगळा. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर होतो. वाटही नेहमी सरळ मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या कितीतरी फेऱ्यांना वळसा पडला.

आता तिकिटाशी ताळा करा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. जाताना हा फरक मिळवायचा: साडेपाच अधिक साडेनऊ, म्हणजे पंधरा तास. येताना वजा करायचा.

पण माझ्या मते खरा हिशेब नाशिकच्या उंबऱ्यापासून सुरू होतो, आणि सगळ्यात बेभरवशाचा टप्पा तोच आहे. मुंबई विमानतळ रस्त्याने सुमारे १७० किमी. जून २०२५ पासून इगतपुरीपासून आमणेपर्यंत समृद्धी महामार्ग खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो, तरी पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. पाच तास हाताशी ठेवा, मुसळधार पावसात सहा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री १०.३० ला. तर घर संध्याकाळी ५ ला सोडा, जोराचा पाऊस असेल तर ४ लाच. पलीकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यांना दीड तास धरा.

संध्याकाळी ५ पासून मोजलं तर पंचवीस तास होतात. हा आकडा कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या ते त्यांना विचारा, आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा.