ड्रायर तापतोय? आधी जाळी, मग पाइप

साताऱ्यात जुलै लागला की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओलेच. म्हणून ड्रायर घेतला, तर गेल्या पावसाळ्यात तो असा तापायला लागला की टॉवेलला इस्त्री केल्यासारखा वास यायचा. दाराच्या काचेवर हात ठेववेना.

असं झालं तर आधी मशीन बंद करून प्लग काढा. लिंटची, म्हणजे कपड्यांचा भुसा अडवणारी जाळी आपण झटकतोच, पण तिच्यावरचा सॉफ्टनरचा (कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा) पातळ थर डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी खाली न जाता वर साचलं, तर हवाही अडकतेय समजा. साबण लावून जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवूनच बसवा.

मग मागचा गरम हवेचा पाइप. आमचा पाइप मशीन भिंतीला सरकवताना चेपला होता, आत राखाडी कापसाचा बोळाच निघाला! बाहेरच्या तोंडाची झडपही उघडते का पाहा. (कंडेन्सर ड्रायरला, म्हणजे वाफेचं मशीनमध्येच पाणी करणाऱ्या ड्रायरला, हा पाइप नसतो, तिथे कंडेन्सर धुवायचा.) ड्रमही गच्च भरू नका.

एवढं करूनही तापत असेल, तर थर्मोस्टॅट (तापमान आवरणारा भाग) किंवा हीटरच्या कॉइलचा दोष असू शकतो. ते काम मेकॅनिकचं. थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा) उडाला म्हणून कुणी वायर थेट जोडून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो फ्यूज आग टाळायलाच असतो.