दहावीच्या सुट्टीत दुकानात काम: आधी काय ठरवावे, काय शिकून घ्यावे

दहावीची परीक्षा संपली की अकरावी सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने हाताशी असतात. त्यातले सहा आठवडे मुलाने किंवा मुलीने एखाद्या दुकानात काम करावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आधी कायदा. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणीत, स्फोटके किंवा ज्वालाग्राही पदार्थांच्या कामावर, धोकादायक प्रक्रियांवर ठेवता येत नाही. इतर ठिकाणी सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही. मग किमान १ तास विश्रांती आणि ती धरून दिवसाचे जास्तीत जास्त ६ तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. हे मालकाशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या, पगाराचा आकडाही तेव्हाच. ‘लग्नसराई आहे, आज जरा थांब’ सुरू झाले की वेळा कोलमडतात.

जागा ओळखीची असावी, पण सख्ख्या काकांची नको. तिथे चुकले तरी कुणी बोलत नाही. इलेक्ट्रिक सामानाचे दुकान उत्तम. पहिला आठवडा माल मोजणे, दुसऱ्यापासून गिऱ्हाईक, मग बिल. नुसता चहा आणायला पाठवत असतील तर आठवड्याभरात जागा बदला.

बिलावर शाळेचे गणित खरे कसाला लागते. १८ टक्के जीएसटी धरून पंख्याची किंमत १,१८० रुपये. त्यात कर किती? बहुतेक मुले १,१८० चे १८ टक्के काढून २१२.४० सांगतात. पण कर मूळ किमतीवर लागतो, म्हणून १,१८० ला १८ ने गुणून ११८ ने भागायचे: १८० रुपये. शेकडेवारीत ‘कशाचे टक्के’ हा प्रश्न विचारायची सवय इथे लागते.

रोज घरी आल्यावर दहा मिनिटे वही: आज काय चुकले, का चुकले, उद्या कुणाला विचारायचे. हे टाळले तर नुसती हमाली उरते.

पगार मुलाच्या स्वतःच्या बचत खात्यात जावा. दहा वर्षांपुढच्या मुलांना असे खाते स्वतः चालवता येते.

अकरावी सुरू झाली की फक्त रविवारचे ३ तास, परीक्षेआधी पंधरा दिवस तेही बंद. शेवटच्या दिवशी मालकाकडून पत्र घ्या. ‘हुशार व होतकरू’ एवढेच नको. तारखा, रोजचे तास आणि कोणती कामे एकट्याने केली, हे त्यात हवे.